बेगडीची माय

शेजारची पोरं अजून माझ्या ओसरीवर येऊन बसतात. ज्वारीच्या धांड्याची गाडी करून दे, चिंध्यांची बाहुली करून दे, असा त्यांचा धोशा चालू असतो. त्यांच्या आया कौतुकानं विचारतात, ही कला तुम्हाला कुठून आली हो? मी सांगते, गरजेतून आली. लोक हौसेनं शिकतात. मी एक पोर माझी व्हावी म्हणून शिकले.

माझं माहेर प्रकाशा गावचं, तापीच्या काठचं. सोळाव्या वर्षी मला कळसाडीला दिलं. नवरा दुजवर. त्याची पहिली बायको दुसऱ्या बाळंतपणात गेली होती आणि मागे सहा वर्षांची मुलगी होती. आमच्यात दुसरी आणायची तर पहिलीला विचारावं लागतं, मग ती मेलेली का असेना. सोनाराकडून चांदीच्या पत्र्यावर तिची आकृती ठोकून घेतात. त्याला टाक म्हणतात. तो टाक दुसरीच्या गळ्यात बांधतात आणि मग लग्न लागतं. म्हणजे मंगळसूत्राच्या आधी माझ्या गळ्यात सवत पडली. अंगठ्याच्या पेराएवढी बाई, दोन्ही हात खाली सोडलेली, नाकडोळे असून नसल्यासारखे. उन्हाळ्यात पत्रा तापायचा आणि छातीवर चटका बसायचा.

नवी साडी आली की ती आधी टाकापुढे धरायची, मग नेसायची. सणाचा पहिला घास तिला दाखवायचा, मग आपण जेवायचं. मी एकदा विसरले तर सासूबाई अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "पयले तिले दाखाड, मंग नेस! हाई घर तिनं शे." जिवंतपणी त्या घरानं तिला काय दाखवलं होतं ते शेजारणींनी मला पुढे सांगितलं. दोन दोन दिवस तिच्या पोटात भाकरी नसायची. पण मेल्या म्हशीला मणभर दूध. आता ती लक्ष्मी होती, अन्नपूर्णा होती, आणि मी आपली मागून आलेली.

हे सगळं मी गिळलं असतं. पोरीचं मात्र गिळवेना. ती लांब खांबाला टेकून बसायची आणि माझ्याकडे बघायची. माझ्याकडे म्हणजे तोंडाकडे नाही, गळ्याकडे. एक दिवस मी तिला हाक मारली, "ये वं पोरी, मी तुन्ही माय शे ना." ती जागची हलली नाही. म्हणाली, "तू मन्ही माय नही. तू नवी. मन्ही माय तुन्हा गळामा शे."

तिनं ते रागानं म्हटलं नव्हतं. आज अमावास्या आहे असं सांगावं तसं सांगितलं. त्या दिवसापासून मला दुसरं काही नको होतं. दागिना नको, माहेर नको. त्या पोरीच्या तोंडून मला एकदा माय ऐकायचं होतं.

गोड बोलून ती येणार नाही हे मी ओळखलं. मग मी तिला बोलावणंच सोडलं. कडब्याच्या गंजीतून ज्वारीचे वाळके धांडे ओढून आणले आणि तिच्याकडे पाठ करून बसले. धांड्याची साल नखानं सोलायची, आतला पांढरा मऊ गर अखंड ठेवायचा. गराचे तुकडे करायचे आणि सालीच्या बारीक काड्या त्यांत खुपसून जोडायचे. चार तुकडे जोडले की बाज होते, दोन चकत्या लावल्या की गाडी. साल सुरीसारखी लागते. माझं बोट कापलं. मी बोट तोंडात धरलं तेव्हा मागून आवाज आला, "चाक वाकडं शे."

वाकडं होतंच. मी म्हटलं, "मंग तू कर." तिनं केलं. सरळ केलं.

पोळ्याला बैल करायचे ठरले. कळसाडीची माती कपाशीला चांगली, बैलाला वाईट. काळ्या मातीचा बैल उन्हात ठेवला की संध्याकाळी पोटातून फाटतो. आमचे सगळे फाटले आणि पोर रडली. पुढच्या खेपेला माहेराहून येताना मी तापीचा गाळ फडक्यात बांधून आणला. सासूबाईंनी गाठोडं सोडून बघितलं आणि कपाळावर हात मारला. "लोकनी सून मायेरथीन खन आनस, आमनी चिखल आनस!" नवरा हसला. तो घरात हसायचा तो असा, आईच्या बाजूनं. बाकी या खेळण्यांना तो रिकामे धंदे म्हणायचा. पण त्या गाळाचे बैल टणक निघाले. शिंगांना गेरू लावून पोरीनं ते कोनाड्यात मांडले आणि गल्लीतल्या पोरींना बोलावून दाखवले. मी ऐकत होते. म्हणाली, "नवीनी आनी माती." नवीनं. चांगली माती आणूनही मी नवीच.

मग भादव्यात गुलाबाई आली. त्या महिन्यात आमच्याकडे पोरी मातीची गुलाबाई मांडतात आणि संध्याकाळी तिच्यापुढे गाणी म्हणतात. तिला दागिने हवेत. चहा तेव्हा आमच्या घरात पाहुण्यांपुरता यायचा, आणि पुड्यात आतून चंदेरी कागद असायचा. त्याला आम्ही बेगड म्हणायचो. मी पोरीला दाखवलं, बेगड नाण्यावर ठेवायची, अंगठ्यानं दाबून धरायची आणि नखानं हलके हलके घासायची. नाण्यावरचं सगळं कागदावर उठतं. जोरात घासलं तर फाटतं. गुलाबाईला पुतळ्यांची माळ झाली. पोर हरखून गेली. नाणं झालं, पितळेच्या डब्याची नक्षी झाली, माझ्या पाटल्या झाल्या. मग ती थांबली आणि माझ्या गळ्याकडे बघत राहिली.

मी खाली बसले आणि मान पुढे केली.

तिनं टाकावर बेगड ठेवली. एका हातानं टाक माझ्या छातीवर दाबून धरला आणि दुसऱ्या हाताच्या नखानं घासायला लागली. तिचा श्वास माझ्या हनुवटीला लागत होता, केसांना खोबरेलाचा वास येत होता. इतकी जवळ ती कधीच आली नव्हती. मला वाटलं, हे संपूच नये. संपलं तेव्हा तिनं कागद अलगद सोडवला, चिंधीच्या बाहुलीच्या गळ्यात दोऱ्यानं बांधला आणि बाहुली घेऊन निघून गेली. दिवसभर बाहुलीच्या गळ्याशी तोंड नेऊन कुजबुजत होती. ते शिकवलं मी, बेगड दिली मी, मान दिली मी. आणि गोष्टी सवतीशी. माझं असं पित्त खवळलं की तो टाक तोडून उकिरड्यावर टाकावासा वाटला. कुणाला सांगणार? जगानं मलाच सावत्र म्हटलं असतं.

पण त्यानंतर ती माझ्याजवळ बसायला लागली. कधी माझ्या मांडीवर हात ठेवायची. नवी म्हणायची नाही, दुसरंही काही म्हणायची नाही. मी वाट बघत होते.

एका दुपारी मी चुलीपाशी होते, डाळ शिजत होती. सासूबाई जवळच सूप घेऊन निवडत बसल्या होत्या. पोर धावत आली आणि म्हणाली, "माय, देख!"

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. मी आधी तिच्या तोंडाकडे बघितलं, पुन्हा म्हणते का म्हणून. मग तिच्या तळहाताकडे. बेगडीचा तुकडा होता. त्यावर बाभळीच्या काट्यानं मागच्या बाजूनं दाबून, अगदी सोनारासारखी, एक बाई उठवली होती. हात खाली सोडलेले. नाकात माझी नथ. गळ्यात एक बारका ठिपका.

"हाई कोन?" मी विचारलं.

"हाई तू. तुन्हा गळामा मन्ही पयली माय शे." तिनं ठिपक्यावर बोट ठेवलं. "तू मरी जाशी ना, मंग तिसरी येई. तिना गळामा तुले बांधसूत. मी तिले रोज सांगसू, पयले मन्ही मायले दाखाड, मंग नेस."

तिचे डोळे आनंदानं चमकत होते. तिच्याजवळ देण्यासारखं जे सगळ्यात मोठं होतं ते ती मला देत होती. त्या घरात माय कुठे असते हे तिला पक्कं ठाऊक होतं. माय गळ्यात असते. मला मान मिळणार होता, साडी मिळणार होती, पहिला घास मिळणार होता. फक्त त्याआधी मरायचं होतं.

सासूबाईंनी सूप टाकलं आणि कागद हिसकला. "जितीजागती बाईना टाक! अवदसा कोठली!" आणि तो चुलीत फेकला. मी हात घालेपर्यंत बेगड काळी पडून आक्रसली होती.

पोरीनं जी किंकाळी फोडली ती मी अजून विसरले नाही. "मन्ही माय! मन्ही माय जळी गयी!" मी तिला ओढून छातीशी धरलं. "मी आठे शे ना. देख, मी शे." ती ऐकेना. लाथा मारत होती, मला ढकलून चुलीकडे जात होती. स्वतःची आई गेली तेव्हा ती रडली नव्हती म्हणतात. आज माझ्यासाठी रडत होती, आणि समजूत घालायला मी तिच्या उपयोगाची नव्हते.

सासूबाई बडबडत ओट्यावर निघून गेल्या. पोरीचं रडणं हळूहळू हुंदक्यांवर आलं. तिनं नाक पुसलं आणि हात पुढे केला. "कागद दे."

घरात सुटा कागद उरला नव्हता. पाहुण्यांसाठी आणलेला चहाचा नवा पुडा मी फळीवरून काढला, फोडला, चहा वाटीत ओतला आणि आतली बेगड तिला दिली. तिनं मला भिंतीला टेकवून बसवलं. माझे दोन्ही हात सरळ खाली सोडले, पदर नीट केला, आणि समोर बसून काटा हातात घेतला. एकदा माझ्या तोंडाकडे बघायची, एकदा कागदाकडे. लग्न होऊन आल्यापासून माझ्या तोंडाकडे असं टक लावून त्या घरात कुणी बघितलं नव्हतं.

"हालू नको, माय," ती म्हणाली.

चुलीवर डाळ करपायला लागली. ओट्यावरून सासूबाईंच्या हाका सुरू झाल्या. मी हलले नाही.