साडूभाऊंची न दिसणारी ज्योत

शेणाला कुकरच्या शिट्ट्या देणारा माणूस साऱ्या खानदेशात एकच झाला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. लग्नानंतर पिंप्राळ्याला त्यांच्या घरी पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हा ओट्यावर दोन कुकर होते आणि एकावर लाल रंगाचा पट्टा ओढलेला होता. त्यांच्या पत्नी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहीण, वाढता वाढता म्हणाल्या, "भात साध्यातला आहे, निर्धास्त जेवा." मी बोदवडला बँकेत कारकून, मुळातच कमी बोलणारा. पट्ट्याच्या कुकरात काय असतं, हे मी काही विचारलं नाही. साडूभाऊंनी ते दुसऱ्या भाताला आपण होऊन, अगदी खुलवून सांगितलं.

ते कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. ऐंशीच्या दशकातले ते दिवस, गावोगाव गोबरगॅसच्या टाक्या होत होत्या. पण साडूभाऊंना गोबरगॅस म्हणजे अगदी बाळबोध वाटे. त्यांना सडक्या केळ्यांतून हायड्रोजन काढायचा होता. "जळला की मागे पाणी उरतं, साडूभाऊ. धूर नाही, काजळी नाही. आणि केळी तर आपल्याकडे उकिरड्यावर पडलीत." शेणात म्हणे दोन जातींचे जंतू असतात. एक हायड्रोजन वाढणारे, दुसरे तो खाऊन त्याचा गोबरगॅस करणारे. शेण उकळलं की खाणारे मरतात. वाढणारे कवच पांघरून निजतात आणि थंड झाल्यावर उठून कामाला लागतात. "वाढपी ठेवायचे आणि पंगत उठवायची, एवढंच शास्त्र आहे," असं म्हणून त्यांनी माझ्या पानात आणखी भात वाढायला सांगितला. मला तो जाईना.

स्कूटरवर पायाशी नासक्या केळ्यांची गोणी घेतल्याशिवाय ते बाजारातून कधी परतले नाहीत. लग्नाच्या पंगतीत आहेराआधी ते खरकट्याची चौकशी करत, त्यामुळे नातलग त्यांना पत्रिका देताना जरा घुटमळत. अंगणात केळ्यांचा लगदा आणि ते उकळलेलं शेण घातलेला एक मोठा बंद पिंप होता. त्यातून निघालेला वायू चुन्याच्या निवळीतून नेऊन ते साबणाच्या फेसात सोडत, फुगा वर तरंगला की खाली वाकून काडी लावत, आणि फट् असा आवाज झाला की लहान मुलासारखे हसत. समोरचे किराणावाले शेठ दुकानातूनच विचारत, "मास्तर, यंदा दिवाळी किती महिने?" साडूभाऊ तितक्याच गांभीर्याने उत्तर देत, "लगद्यावर आहे, शेठ."

एका उन्हाळ्यात फैजपूरच्या केळी-उत्पादकांच्या एका सोसायटीने त्यांना निरोप पाठवला. प्रयोग दाखवा, पटला तर आमची रिकामी शेड आणि हवी तेवढी वाया गेलेली केळी तुमची. साडूभाऊंना जन्मात दुसरं काही नको होतं. पण त्याच सुमाराला त्यांना परीक्षांच्या कामासाठी धुळ्याला जावं लागलं. पिंप त्यांनी आमच्या सासूबाईंवर सोपवला. त्यांना सगळे अक्का म्हणत, आणि त्या थोरल्या लेकीकडेच राहत.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी मी पोहोचलो, तेव्हा आदल्या रात्री उशिरा धुळ्याहून परतलेले साडूभाऊ आतल्या खोलीत इस्त्रीचा शर्ट घालत होते. अक्कांनी मला पिंपाशी नेलं आणि हळूच म्हणाल्या, "जवाईबापू, ह्या मास्तरनी बठ्ठं शेण उकाळी टाकं. त्यामा काय जीव ऱ्हाई? मी रोज मूठभर ताजं टाकी दिधं, विरजण म्हनीसन. आंबट वास ये म्हनीसन चिमूटभर चुना बी टाका. आते देखा कसं उकळस."

पिंप खरोखरच जोरात बुडबुडत होता. उठवलेली पंगत अक्कांनी ताज्या शेणाने पुन्हा बसवली होती, तीही चुन्याचे पाट मांडून.

न विचारता मी आयुष्यात फार थोड्या वेळा बोललो आहे. त्या दिवशी बोललो. साडूभाऊंना खोलीत गाठून सगळं सांगितलं. त्यांनी शर्टाचं राहिलेलं बटण लावलं. मग म्हणाले, "अक्कांना बोललात का काही?" मी नाही म्हणालो. "मग बोलू नका. कधीच."

सोसायटीचे चेअरमन आबा चार माणसं घेऊन आले. अक्का आत चहाच्या तयारीला लागल्या. साडूभाऊंनी नळीला काडी लावली आणि भलीथोरली निळी ज्योत उभी राहिली. आबा खूश झाले. "मास्तर, जमलं की! शेड तुमची."

"आबा, हा गोबरगॅस आहे," साडूभाऊ म्हणाले. "माझ्या हातून शेणाचं बियाणं बिघडलं. माझी ज्योत वेगळी. ती दिवसा डोळ्यांना दिसतसुद्धा नाही."

आबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "जी दिसत नाही, ती घेऊन आम्ही काय करू, मास्तर?"

मंडळी चहा घेऊन गेली आणि शेड पुढे खोकी ठेवायला गेली. मी तोंड उघडलं नसतं, तर ती ज्योत पाहून साडूभाऊ त्या आनंदात एकदा तरी फसले असते का, हा प्रश्न मी पुष्कळ वर्षं उगाच वाहिला. त्यांनी मात्र त्या संध्याकाळी नवा पिंप मांडला, आणि जुन्याची नळी अक्कांच्या शेगडीला जोडून दिली.

त्यानंतर त्या घरचा चहा त्याच शेगडीवर होई. पाहुणा आला की अक्का त्याला ज्योत दाखवत आणि जावयाच्या शास्त्रात आपलं विरजण कसं कामी आलं, ते रंगवून सांगत. मी खाली मान घालून बशी फुंकत बसे. आज दोघंही नाहीत, म्हणून हे लिहायला धजलो. अक्कांचं सांगून झालं की साडूभाऊ वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हणत, "अक्का, तुमच्यावाचून ते पेटलंच नसतं." आणि यातला एक शब्दही खोटा नसे.