मिठाचा बर्फ

कोलशेतच्या कोळीवाड्यातल्या शेवंतीची मासळी कधी नासली नाही. नासणं हा तिला माणसाच्या स्वभावातला दोष वाटे. बाजारात शेजारणीचा बांगडा दुपारी मऊ पडला की ती तो बोटाने दाबे, आणि खळगा तसाच राहिला की गिऱ्हाइकाला म्हणे, "बघ, मेलेलं परत मेलंय." गिऱ्हाईक हसत तिच्याकडे वळे. शेजारीण एकदा रडली. शेवंतीने तिची पाटी पायाने जरा पलीकडे सरकवली.

नवरा सहदेव खाडीत होडी घेऊन जाई. त्याच्या मांडीत कॅन्सरची गाठ झाली, ती कापली, मग छातीत नव्या उगवल्या. मुलगा मोठ्या बोटीवर परदेशी, म्हणून घोडबंदर रोडच्या इस्पितळात सून सोनल सोबत जाई. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं, की औषध विषारीच आहे, पण ते चरबीच्या अतिसूक्ष्म कणांत कोंडलेलं आहे. गाठीच्या रक्तवाहिन्या विरविरीत असतात. कण तिथून आत उतरतात आणि विष तिथेच सुटतं. बाकीचं अंग बरंचसं वाचतं.

"म्हंजे डोलीच्या जाल्यात मासली शिरते तशी," शेवंती म्हणाली.

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाले. आपल्याला सगळं कळतं अशी तिची खात्री झाली.

औषध सोनल कल्याणच्या दुकानातून आणी. दुकानदाराने तिला बजावलं होतं: थंड ठेवा, पण गोठू देऊ नका. गोठलं की कण फुटतात, मग बाटलीत नुसतं विष उरतं. सोनल बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून थर्माकोलच्या डब्यात ठेवी, शेजारी थंड जेलची पिशवी. अशी दोन इंजेक्शनं झाली. गाठी लहान झाल्या. सहदेव भाकरी मोडून खाऊ लागला.

"बालंतीण गुंडालतात तसं औषध गुंडालतं ही," शेवंती गल्लीला ऐकू जाईल असं म्हणे. "कापूस घाल गो कानात त्याच्या."

"आई, त्याला बर्फ चालत नाही."

"मना शिकव! बर्फात जन्म गेला माझा."

तिसऱ्या खेपेला सोनल सासऱ्यांना शर्ट घालत होती, तेव्हा शेवंतीने डबा उघडला. कागद फेकला. डबाभर बर्फाचा चुरा घातला आणि वर जाड्या मिठाच्या मुठी. मिठाने बर्फाची थंडी वाढते, लांब जाणाऱ्या पापलेटला ती असंच करी. घोडबंदरचं ट्रॅफिक म्हणजे लांबच. बाटली तिने मधोमध खोचली, आणि त्या दिवशी स्वतःही रिक्षात बसली.

इस्पितळाच्या बाकावर सोनलने झाकण काढलं. बाटलीतलं लाल औषध दगड झालं होतं.

"हे गोठलंय," ती हळू म्हणाली. "कण फुटले असणार, आई. हे टाकून द्यावं लागेल. आपण नवीन आणू, चार दिवस उशीर होईल."

"टाकून दे? तुझ्या बापानं पाठवलंय?" शेवंतीने बाटली हिसकली आणि पोलक्यात सरकवली. "कोलणीच्या अंगात ऊब हाय. आत्ता वितलंल."

सहदेव दाराशी व्हीलचेअरमध्ये होता. "काय चाललंय गो?"

"काय नाय. तुझी सून मना अक्कल शिकवतंय."

नर्सने नाव पुकारलं तेव्हा औषध पुन्हा पातळ, लाल, निरागस दिसत होतं. "गोठलं नव्हतं ना?" नर्सने सवयीने विचारलं.

"नाय, सिस्टर."

नर्सने सोनलकडे पाहिलं. सात वर्षं त्या घरात सोनलचं प्रत्येक वाक्य अर्ध्यात कापलं गेलं होतं. हे तिने स्वतःच कापलं. "नाही," ती म्हणाली.

आठवड्याभरात सहदेवचं तोंड आतून सोललं. पाणी पिताना तो उशी मुठीत धरी. केस शेवंतीच्या हातात झुपक्यांनी आले, छाती धडधडू लागली. शेवंती त्याला पेज भरवी, आणि पेज सांडली की सोनलवर ओरडे. सोनल गुपचूप लादी पुसे.

डॉक्टरांनी तपासण्या पाहिल्या. हृदयाला मार बसला होता. "आधी इतकं छान मानवलं होतं. अचानक असं का?" त्यांनी दोघींकडे पाहिलं. "औषध ठेवण्यात काही गडबड? असेल तर सांगा. मग दोष औषधाचा नाही. हृदय जरा सावरलं की पुन्हा देऊन बघता येईल. नाहीतर मला हे कायमचं बंद करावं लागेल, आणि याच्यापुढे माझ्याकडे फारसं काही नाही."

शेवंतीने सोनलकडे पाहिलं. सोनल काय बोलते याचीच तिला भीती होती, आणि आता ती बोलावी असंही वाटत होतं. पण सुनेसमोर आपल्या तोंडाने म्हणायचं की आपल्या बर्फाने नवरा नासवला? सोनल तिच्या ओठांकडे बघत होती. आधी सासूने म्हणावं. एकदा तरी तिने म्हणावं.

"काय गडबड नाय," शेवंती म्हणाली.

सोनलने मान हलवली. नाही.

डॉक्टरांनी औषध बंद केलं. सहदेवने सोललेल्या तोंडाने कसेबसे शब्द जुळवले.

"औषध चांगलं व्हतं, सायेब. तुमी वाईट वाटून घेऊ नका. माझ्याच अंगाला मानवलं नाय." मग दोघींकडे वळून तो म्हणाला, "तुमी लय केलं माझं."

"रिक्षा बघ गो," शेवंती म्हणाली.

सोनल रिक्षा बघायला गेली.