दार अडवणारी बहीण

मामाचं लग्न झालं तेव्हा नव्या जोडीचं दार माझ्या आईनं अडवलं होतं. आम्हा तेलुगू विणकरांत तो बहिणीचा हक्कच. ‘आपल्या पोरांची लग्नं एकमेकांशी लावायची, कबूल?’ असं विचारायचं, भावानं हो म्हणायचं, मगच त्यांना आत सोडायचं. मामा लगेच हो म्हणाला. नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? आईनं सातवीत शाळा सोडून विड्या वळल्या, म्हणून तर तो इंजिनिअर झाला होता.

पुढे त्याला मुलगा झाला आणि आईला मी. झालं, माझं ठरलं. दहावीला मला चांगले मार्क पडले, पण आईनं कॉलेजचं नाव काढू दिलं नाही. पोरगी मामाच्याच घरी जाणार, तिला कुठं नोकरी करायचीय, असं तिचं म्हणणं. मग मीही सूप मांडीवर घेऊन तिच्यासमोर विड्या वळायला बसले. वडील ज्या यंत्रमागावर जायचे तो निम्मा आठवडा बंदच असायचा. दिवाळीला मामा पुण्याहून मोठ्या गाडीतून यायचा. ती गाडी मला थोडी माझीच वाटायची. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

मामाच्या मुलाला नोकरी लागली तेव्हा आईनं विषय काढला. मामा बराच वेळ पुण्यातल्या महागाईवर बोलत राहिला. मग कळलं, मुलानं आपल्याच कंपनीतली मुलगी पसंत केली होती. एका पगारात हल्ली भागत नाही म्हणे. निघताना मामा म्हणाला, “अक्का, ही शिकली असती तर मी नाही म्हणालो नसतो.”

“मी बी शिकले असते की,” आई म्हणाली, आणि चहाचे कप उचलून आत गेली.

लग्न सोलापुरातच झालं. वरात मामानं जुळे सोलापूर भागात नुकत्याच बांधलेल्या बंगल्यावर आली. मुलाला सख्खी बहीण नाही, म्हणून मामीनं हाताला धरून मलाच उंबऱ्यात उभं केलं. “तू बहिणीसारखीच की,” म्हणाली. आमच्यात मामाच्या मुलाला कुणी भाऊ म्हणत नाही. मामीला ते ठाऊक होतं.

सगळे हसत वाट बघत होते. शब्द मला लहानपणापासून पाठ होते. मी विचारलं. नवरी गोंधळून नवऱ्याकडे बघायला लागली. त्यानं हो म्हणण्याऐवजी खिशातून आहेराचं पाकीट काढून माझ्या हातावर ठेवलं, आणि मी बाजूला झाले.