मशीनवरची फौजदारीण

गयाबाई जयभीम घालायच्या आधी धपाटा घालायची. ओळखीच्या बाईला पाठीत, पोरींना दंडावर, आणि पुरुषमाणूस असला तर नुसती शिवी. माझी तिची पहिली गाठ सोयाबीनच्या शेतात पडली. मी टोळीत नवी होते. वाकून पाण्याची कळशी उचलत होते, तेवढ्यात मागून असा तडाखा बसला की कळशी हातातून सुटली. मी वळून बघते तर ही कमरेवर हात ठेवून उभी. म्हणाली, "कोणाची गं तू? केस मोकाट कामून सोडले?" आधी मार, मग चौकशी, असा तिचा कायदा. मंठ्याच्या आसपासच्या गावांत तिला फौजदारीण म्हणत, आणि ते नाव काही कौतुकानं पडलेलं नव्हतं.

आमच्या वस्तीतल्या बायांची टोळी दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनच्या मळणीवर जायची. बारावीनंतर मीही आईबरोबर जायला लागले. ट्रॅक्टरवर चालणारं मशीन, त्याचा उघडा पळता पट्टा, एका बाजूला पिकाची गंजी आणि भुसकटाचा धुरळा इतका की शेजारची बाई आवाजावरून ओळखावी लागे. कोण गंजीवर, कोण मशीनच्या तोंडाशी, हे फौजदारीण ठरवायची. मशीन सुरू व्हायच्या आधी ती सगळ्यांना एका जागी उभं करायची. केसांचा अंबाडा पिळून घट्ट बांधायचा, त्यावर कापडाची दस्ती, दस्तीवर सुतळीचा फेरा, पदर खोचलेला. मग ती एकेकीची हनुवटी धरून डोकं हलवून बघायची. गाठ सैल निघाली की थोबाडीत. "मशीनला आईबाप न्हाई," असं म्हणायची, "त्ये कोणाची लेक, कोणाची सून, इचारत न्हाई."

एकदा एका नव्या सुनेला तिनं अशीच ठेवून दिली. सुनेनं वेणी सोडलेली होती, खाली लाल रिबीन. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची सासू भांडायला थेट शेतात आली. माझ्या सुनेवर हात टाकणारी तू कोण, वगैरे. फौजदारिणीनं ते सगळं ऐकून घेतलं, मग म्हातारीच्या डोक्यावरचा पदर मागं सारला, तर आत केस मोकळेच. म्हातारीलाही एक बसली. त्यानंतर भांडण चालू असतानाच तिनं म्हातारीचा अंबाडा बांधून सुतळी आवळली. सासू शिव्या देत होती आणि मान खाली घालून बांधूनही घेत होती. मशीनवाला एकदा म्हणाला, "मावशी, हात आवरा जरा." ती म्हणाली, "तुमी पट्ट्याला जाळी बसवा, मंग मी आवरते." त्यानं जाळी बसवली नाही, हिनं हात आवरला नाही.

माझ्या केसांवर तर तिचा खास राग होता. मी जालन्याला, मस्तगडला, मामाच्या लग्नाला गेले होते. तिथं शेजारची एक पोरगी पार्लरचं शिकत होती. ती फुकटात केस सरळ करून देते म्हणाली आणि मी आनंदानं डोकं तिच्या ताब्यात दिलं. लग्नात केस चकाकले खरे. महिनाभरात ते कडब्यासारखे तुटायला लागले. खांद्याखाली काही उरलं नाही, आणि जे उरलं त्यात फणी घातली की अर्धे केस फणीत. फौजदारिणीनं माझी दस्ती काढून ते पाहिलं आणि थुंकली. "लोकाचे केस मशीन खाती. तू तर पाटावर वाढून दिले की गं." तरी दुसऱ्या दिवशी तिनं घरून खोबरेल आणलं आणि दुपारच्या सुट्टीत माझ्या डोक्यावर असं थापलं की कानात तेल गेलं.

तिची स्वतःची दस्ती ती कधी काढत नसे. का, ते टोळीत सगळ्यांना माहीत होतं. मला ते आईनं सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी गयाबाईचे केस मांडीपर्यंत होते. चौथ्या दिवसाचं डोक्यावरून पाणी घेऊन ती कामाला आली होती. ओले केस बांधले तर वास मारतात, डोकं धरतं, म्हणून सगळ्याच बाया त्या दिवशी केस वाळायला मोकळे सोडायच्या. तिनंही पदराखाली सोडले होते. मशीनशी वाकली आणि केस पट्ट्यात गेले. कपाळापासून टाळूपर्यंतची कातडी केसांसकट निघाली. डावा खांदा उखळीतून निघाला. मोठ्या दवाखान्यात मांडीची कातडी काढून डोक्याला लावली, त्यावर केस कधी उगवले नाहीत. मशीनवाल्यानं दुसऱ्या दिवशी पट्टा धुतला आणि उरलेली मळणी उरकली. हे सांगताना आईचा आवाज इतका खाली गेला होता की मला पुढं सरकावं लागलं.

मागच्या बाजूचे आणि उजव्या कानावरचे केस तेवढे वाचले होते. ते गयाबाईनं वाढवले. खूप वाढवले. मागून पुढं आणून, त्या गुळगुळीत चकत्यावरून फिरवून, आकड्यांनी डाव्या कानामागं खोचायची आणि वर दस्ती. दिवसभर दस्तीखाली घासून, घाम आणि भुसकट बसून त्या केसांचा गोळा व्हायचा. डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता, एका हातानं गुंता सुटत नव्हता. सुनेला ती हात लावू देत नसे. एका संध्याकाळी तिनं माझं मनगट धरून मला घरी ओढत नेलं, दार लावलं आणि माझ्या हातात फणी दिली. "तुजे जळके केस तू रोज सोडवती. माजे सोडव. भायेर बोलली तर जीभ हासडीन."

मी दस्ती काढली. बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. मग फणी लावली, आणि पहिल्याच ओढीला तिनं माझ्या मांडीत नखं रुतवली. मला वाटलं, सवयीनं मारतेय. दुसऱ्या ओढीला कळलं की ती सगळीच्या सगळी थरथरत होती. गावात दोन दारुड्यांना एकटीनं बडवणारी बाई फणीच्या ओढीला लटपटत होती. मला तिची फार दया आली, आणि तसं दिसलं असतं तर तिनं मला जिवंत सोडलं नसतं, म्हणून मी गुपचूप काम करत राहिले.

हळूहळू जमलं. मुळाशी केस मुठीत गच्च धरायचे, म्हणजे खालची ओढ कातडीपर्यंत जात नाही. फणी नंतर, आधी तेलाची बोटं. टोकापासून सुरुवात करून वर यायचं. जो गुंता हट्ट करेल त्याला सोडून दुसऱ्याकडं जायचं, परत यायचं. पुढची चार वर्षं मी दर रविवारी तिच्या दारात हजर. तिची नखं माझ्या मांडीवर कायमची उमटली. ती माझं डोकं चोळायची तेही बदडल्यासारखंच. पण माझे जळके शेंडे हळूहळू कापले गेले, खालून चांगले केस आले आणि वेणी कमरेला टेकली. ती वेणी मुठीत धरून वजन केल्यासारखी उचलायची आणि म्हणायची, "झाली बराबर. आता कोण्या पार्लरवालीकडं गेली तर तंगडी तोडीन."

त्याच दिवाळीत मला शहागडचं स्थळ आलं. मुलगा हायवेवर गॅरेजात होता. फोटोतली लांब वेणी बघूनच त्याच्या आईनं निरोप धाडला होता, हे माझ्या आईनं वस्तीभर सांगितलं. रविवारी पाहुणे येणार होते. शुक्रवारी आम्ही मळणीवर होतो. मी नीट बांधलं होतं. अंबाडा, दस्ती, सुतळी, सगळं. फौजदारिणीनं हनुवटी धरून तपासलंही होतं. पण केस नुकतेच धुतलेले, निसरडे. दुपारनंतर अंबाडा सुटला आणि वाकले तेव्हा वेणी दस्तीतून खाली घसरली. मला कळलंही नाही.

कळलं ते एकदम. मागून वेणीला हिसका बसला, मान मोडल्यासारखी मागं गेली आणि मी मशीनच्या नावानं किंचाळले. मानेवर काहीतरी गरम झालं. दुसरा हिसका आला आणि मी तोंडावर पडले. मशीन बंद झालं. वळून बघते तर माझ्यामागं फौजदारीण उभी. तिच्या उजव्या हातात एरवी कमरेला खोचलेला असायचा तो विळा होता, डाव्या हातात माझी वेणी होती, सबंध, रिबीनीसकट. माझ्या मानेतून रक्त वाहत होतं.

"पट्ट्यात गेल्ती," ती म्हणाली.

ट्रॅक्टरवाला खाली उतरला. म्हणाला, "कुठं पट्ट्यात? लई लांब व्हती की. मी बघून राह्यलो व्हतो." गंजीवरच्या दोघी तेच म्हणाल्या. मी वेणी हातात घेतली. तिच्यावर पट्ट्याचं काळं नव्हतं, एक केस ओरबाडलेला नव्हता. माझ्या डोळ्यांपुढं रविवार आला, आईचं तोंड आलं, चार वर्षांचे रविवार आले, आणि मी गयाबाईला मारलं. दोन्ही हातांनी, तोंडावर, छातीवर, जिथं लागेल तिथं. तिच्या ओठातून रक्त आलं. आई मला मागं ओढत होती. फौजदारिणीवर उभ्या आयुष्यात कुणी हात टाकला नसेल, आणि ती हात खाली सोडून मार खात राहिली.

मी दमले तेव्हा ती खाली बसली. तिनं स्वतःची दस्ती सोडली. आकडे एकेक करून काढले आणि मांडीवर ठेवले. मागचे केस पाठीवर पडले आणि पुढचं ते चकचकीत, सुरकुतलेलं डोकं भर उन्हात सगळ्यांसमोर आलं. बायांनी माना वळवल्या. तिनं विळा मुठीकडून माझ्यापुढं धरला.

"काप. हिसाब बराबर कर."

मी तो हातात घेतला. आई म्हणाली, "गयाबाई, येडी झालीस का? पोरी, विळा ठेव खाली." शहाण्या मुलीनं ठेवला असता. माझ्या अंगात तेव्हा नुसता जाळ होता. मी तिच्या मागं गुडघ्यावर बसले, केस मुठीत धरले आणि कापले. कापून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी ते मुळाशी गच्च धरले होते, ओढ कातडीला लागू नये असे. इतक्या रागातही हाताला तेवढंच येत होतं. मग मात्र मला रडू फुटलं आणि थांबेना.

फौजदारीण उठली, पदर खोचला आणि उघड्या डोक्यानं मशीनच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. "चालू कर रे," ती ट्रॅक्टरवाल्याला म्हणाली. "सांज करायची का?" बाया आपापल्या सुतळ्या सोडून पुन्हा आवळू लागल्या. त्या दिवसानंतर तिनं डोकं झाकलं नाही आणि मशीनवर कुणाला मारायची वेळही फारशी आली नाही. नवीन आलेली बाई तिचं डोकं एकदा बघायची आणि आपणहून अंबाडा बांधायची.

रविवारी पाहुणे आले. मी तशीच, मानेवर पट्टी आणि कानापर्यंतचे वेडेवाकडे केस घेऊन चहा नेला. मुलाच्या आईचा कप हातातच राहिला. "फोटोत तर मोठी वेणी होती." आई काहीतरी आजारपणाची गोष्ट रचायला लागली, तेवढ्यात फौजदारीण दारातून आत आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. पाहुण्यांसमोर ती उघड्या बोडक्या डोक्यानं बसली आणि म्हणाली, "केस मी कापले. पोरगी जित्ती हाय, हातपाय बराबर हायेत. मोजून घ्या." मुलाची आई तिच्या डोक्याकडं बघून अर्ध्या पोह्यांवर उठली. संध्याकाळी नकार आला. फौजदारीण शहागडला जाऊन त्या बाईला बघून घेते म्हणून निघाली होती, तिला एस.टी.च्या पायरीवरून खाली उतरवावं लागलं. आई तिच्याशी वर्षभर बोलली नाही.

मीही पहिले दोन रविवार गेले नाही. तिसऱ्या रविवारी गेले. तिथं सोडवायला काही नव्हतं. मी तिच्या मागं बसले, हाताला तेल लावलं आणि त्या जुन्या जखमेवरून, मागच्या खुंटांवरून फिरवत राहिले. ती थरथरली नाही. डोळे मिटून बसली आणि तशीच झोपून गेली. मग माझं लग्न होऊन मी जालन्याला येईपर्यंत ते असंच चाललं. लग्नात मी खांद्यापर्यंतच्या केसांनी उभी राहिले, आणि नवऱ्यानं त्यावर काही विचारलं नाही.

तिची माझी शेवटची भेट तिच्या मुलाच्या घरी झाली. तिचं पोट पाण्यानं फुगलं होतं, हात काटकुळे झाले होते. मी आत गेले तर नुसती बघत राहिली. सुनेला तिनं बाहेर जायला सांगितलं.

"येक सांगायचं राह्यलंय," ती म्हणाली. "तुजी येणी पट्ट्यात न्हवती गेल्ती."

"मला माहिती आहे मावशी."

"कधीपासून?"

"तेव्हाच. वेणी कोरी होती."

"मला आवाज आला व्हता गं. माज्या टायमाला आल्ता, तसाच. केस गुतल्यावर मशीन येगळं वाजतं. बिलकुल तसंच वाजलं. मंग मला तू दिसली न्हाई. मला नुसतं माजं डोकं दिसलं." जरा दम घेऊन तिनं विचारलं, "मंग तुला म्हाईत व्हतं तर तू येत कशाला राह्यली? मी तुजं चांगलं सोयरं मोडलं."

मी बऱ्याच वर्षांत हे कुणापुढं बोलले नव्हते. नवऱ्यापुढं नाही, आईपुढं तर नाहीच. म्हणाले, "मावशी, माझ्या जिवासाठी एवढं घाबरलेलं दुसरं कुणी मला अजून भेटलं नाही."

तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. माझी बस चुकेल म्हणून सून दोनदा दारात येऊन गेली. मी उठले तेव्हा तिनं, भिंतीकडंच बघत, अगदी बारीक आवाजात म्हटलं,

"लई भ्याले व्हते गं मी."