रोज सात सेंटीमीटर

माझी आत्या झाडं तोडण्याच्या कामात मोजणीदार. बाबा वर चढायचे, ती खालून उंची सांगायची. अंदाज चुकला, तर कुणाचं तरी छप्पर गेलंच म्हणून समजा.

तिची रीत सोपी. एक मीटरची काठी उन्हात रोवायची. तिची सावली ऐंशी सेंटीमीटर भरली, की त्या घटकेला प्रत्येक वस्तूची सावली उंचीच्या शून्य पूर्णांक आठ पट. हा स्थिरांक. झाडाची सावली बारा मीटर असेल, तर भागिले शून्य पूर्णांक आठ. झाड पंधरा मीटर. "स्थिरांक दर वेळी नव्याने काढायचा गं," ती मला बजावायची.

काठीची सावली ऐंशीवर आली, की ती बाबांचीही सावली मोजायची. तिची निव्वळ सवय! बाबा पावणेदोन मीटर उंच.

"पास झालो का, ताई?"

"एकशे चाळीस. चढ."

मग एके दिवशी ती म्हणाली, "एकशे चाळीस. पण आज नको, दोर जुना झालाय." दुसऱ्या दिवशी वारा आडवा आला. रोज नवं निमित्त, आकडा तोच. एकोणीस दिवस बाबा धुसफुसत घरी बसले. विसाव्या दिवशी भल्या सकाळी ती दाराला कुलूप आणायला गेली. "सावली पूर्ण भरते ना? मग झालं तर!" म्हणत बाबा कामावर गेले. मीही सोबत होते.

आत्या धावत आली. तिने वर पाहिलंच नाही, जमिनीकडे पाहिलं. झाडाची सावली होती, फांदीची होती. फांदीवरच्या बाबांची नव्हती. फांदी त्यानंतर मोडली.

पुढे तिची वही माझ्या हाती लागली. एकशे तेहेतीस, एकशे सव्वीस, एकशे एकोणीस... शेजारी लिहिलेलं: 'रोज सात कमी. एकशे चाळीस भागिले सात, वीस. सांगितलं तर हाय खाईल.' मला तिचा भयंकर राग आला. खरा आकडा सांगितला असता, तर बाबा चढले नसते. कितीतरी वर्षं मी तिच्याशी धड बोलले नाही.

आता दोर माझ्या कमरेला असतो. माझी सावली एकशे बत्तीस भरायला हवी. आत्या रोज मोजते, वहीत लिहिते, वही कपाटात बंद करते.

"एकशे बत्तीस," ती आज सकाळी म्हणाली. "पण आज राहू दे, बाळा. दोर जुना झालाय."

दोर मी मागच्याच आठवड्यात नवा आणलाय.