तात्पुरते टायमर

बाजारातले लोक तिला सेकंदबाई म्हणत. कारखान्यात पाऊल टाकलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "किती सेकंद?" भट्टी तापल्यावर पंखा किती सेकंदांनी लागायला हवा, एक मोटर थांबल्यावर दुसरी किती सेकंदांनी सुरू व्हायला हवी, हे ती विचारून लिहून घ्यायची आणि हवे तसे टायमर आणि यंत्र आपोआप चालू-बंद करणारे रिले, ती जिथे विक्रीचं काम करायची त्या कंपनीत बनवून घ्यायची. कंपनी म्हणजे वरच्या मजल्यावरचा एक लांबट हॉल आणि अकरा माणसं. तिचा नवरा घरीच शिंपीकाम करायचा. पाहुण्यांना तो सांगायचा, "हिचा रागसुद्धा टायमरवर आहे. बटण बंद केलं तरी नव्वद सेकंद चालूच राहतो."

कंपनी माल थेट विकत नसे. तो वितरकाच्या हातून जायचा. वितरक साठीचे, विजेच्या सामानाच्या गल्लीत त्यांचं अरुंद आणि खोल दुकान होतं. ती त्यांना काका म्हणायची. एकोणीस वर्षांपूर्वी ती या धंद्यात आली, तेव्हा बाई माणसाला यंत्रातलं काय कळणार म्हणून कारखानदार तिच्याकडे बघतही नसत. काका त्यांना म्हणायचे, "मला नका विचारू. मला नुसतं विकता येतं. कळतं तिला." हे ती कधी विसरली नाही. गिऱ्हाईक काकांचं, त्यांना वगळून परस्पर बोलायचं नाही, हा नियमही तिने कधी मोडला नव्हता.

काकांच्या गिऱ्हाइकांत एक मोठी लाँड्री होती. तिथे रुग्णालयांच्या चादरी धुतल्या जायच्या आणि पाच मोठी यंत्रं त्या पिळून काढायची. मोटर बंद केली तरी यंत्राचा ड्रम बराच वेळ फिरत राहायचा. तो पुरता थांबेपर्यंत दाराचं कुलूप सुटू नये, म्हणून तिने नव्वद सेकंदांचे पाच टायमर करायला घेतले. मुद्दाम बिननॉबचे, फिरवायची खुंटीच नसलेले, म्हणजे कुणाला वेळ कमीजास्त करता येणार नाही.

नेमके टायमरच्या प्लास्टिक डबीचे साचे बिघडले आणि माल तीन आठवडे लांबला. लाँड्रीवाले काकांच्या मागे लागले. काकांचा फोन आला तेव्हा ती दुसऱ्याच कारखान्याचा जिना चढत होती.

"तुमच्याकडचे साधे घाला तात्पुरते," ती म्हणाली. "नॉब नव्वदवर ठेवायला सांगा. आपले आले की बदलू."

एवढंच बोलणं, मिनिटभराचंही नाही. पुढे खरे टायमर तयार झाले, काकांकडे पोचले. तिला वाटलं, काकांनी बदलले. काकांना वाटलं, ती सांगेल तेव्हा बदलू.

नऊ महिन्यांनी लाँड्रीत एका कामगार बाईने दार उघडून चादरी ओढायला हात घातला, आणि ड्रम फिरत होता. हात कोपराखाली दोन ठिकाणी मोडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका आणि ती तिथे गेले. फिटरने पॅनेल उघडून दाखवलं. आत काळा नॉब होता आणि त्याची खूण पस्तिसावर होती. "कुणी फिरवला?" मॅनेजरने विचारलं. भोवतीच्या बायका खाली बघत राहिल्या.

बाहेर आल्यावर काका म्हणाले, "नॉब त्यांच्या माणसांनी फिरवला. आपण कशाला तोंड उघडायचं?"

"काका, आपले पाच टायमर कुठे आहेत?"

दुकानात गेल्यावर शिडी लावून काकांनी वरच्या फळीवरचं खोकं काढलं. टेपसुद्धा निघाली नव्हती. वर तिच्याच अक्षरातलं लेबल होतं.

"तू म्हणालीस म्हणून साधे घातले मी."

"हो. मीच म्हणाले."

"मग तर तू गप्पच बस. झाकली मूठ आहे, झाकलेलीच राहू दे."

घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने मशीनवरचा पाय काढला. "पोलीस येतील?" "माहीत नाही." "नोकरी राहील?" "तेही माहीत नाही."

"मग माहीत काय आहे तुला?"

"नॉब नसता तर फिरवता आला नसता."

रविवारी ती त्या बाईला भेटायला गेली. एका खोलीचं घर, दोरीवर वाळत घातलेले कपडे, आणि खाटेवर उशीवर ठेवलेला प्लास्टरमधला हात. तिने आपण कोण ते सांगितलं. बाई दाराकडे बघून हळूच म्हणाली, "मीच फिरवला तो नॉब. सुपरवायझर रोज म्हणायचा, दारापाशी उभ्या राहून पगार खाता. फिरत होता म्हणून फिरवला. आता सरकारी साहेब चौकशीला येणार आहेत. माझ्यावरच येणार सगळं."

"तो फिरणारा नॉब तुम्हाला द्यायचाच नव्हता," सेकंदबाई म्हणाली. "तो माझ्यामुळे आला."

"हे तुम्ही तिथे सांगाल?"

तिने हो म्हटलं. बाईचा विश्वास बसल्यासारखा दिसला नाही.

रात्रीपर्यंत तिने जुन्या डायऱ्या चाळल्या. तात्पुरते हा शब्द आणखी सहा ठिकाणी सापडला. सकाळी ती कंपनीच्या मालकांसमोर उभी राहिली. सगळं ऐकून ते एवढंच म्हणाले, "लेखी काही देऊ नकोस."

"द्यावं लागेल. आणि आधी ही सहा ठिकाणं बघायला हवीत."

मालकांनी यादी वाचून तिला परत दिली. म्हणाले, "काकांना विचारून जा."

तिने फोन केला. काकांचा आवाज चढला नाही. "माझ्या गिऱ्हाइकाच्या दारात मला सोडून गेलीस, तर माझ्या दुकानाची पायरी पुन्हा चढू नकोस," ते म्हणाले.

ती गेली. सहापैकी चार ठिकाणी साधेच टायमर चालू होते. एका कागद कापायच्या यंत्रावर तर नॉब शून्याजवळ आला होता. तिने तिथेच उभं राहून यंत्र बंद करायला लावलं आणि तिथल्या मालकाची बोलणी खाल्ली. मग चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांसमोर बसून तिने त्या फोनची तारीख, वेळ आणि आपलं वाक्य जसंच्या तसं लिहून दिलं.

अहवालात दोष लाँड्रीच्या घाईला आणि कंपनीच्या पुरवठ्याला दिला गेला. बाईची नोकरी राहिली, तिला घड्या घालायच्या विभागात बसवलं. काकांनी कंपनीचा माल ठेवणं बंद केलं आणि निम्म्या ऑर्डरी त्यांच्याबरोबर गेल्या. अकरा माणसांची आठ झाली. मालकांनी तिला काढलं नाही, पण विक्रीतून उचलून तपासणीच्या टेबलावर बसवलं. शेजारच्या टेबलावरचे जुने सोबती आता कामापुरतं बोलतात. गेलेल्या तिघांपैकी एकीला ती लग्नाआधीपासून ओळखत होती.

काका तिला एकदा बँकेच्या रांगेत दिसले. तिने "काका" म्हणून हाक मारली. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा पुढे बघितलं. त्यांनी रागाने चार शब्द सुनावले असते तरी तिला बरं वाटलं असतं.

त्या बाईकडे ती महिन्यातून एकदा जाते. सुरुवातीला बाई दार अर्धंच उघडायची, आता पूर्ण उघडते. तरी दोघींना बोलायला फारसं काही नसतं. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम बाई तिच्यासमोरच करते: ओला रुमाल मुठीत धरून पिळायचा, दहा वेळा. सेकंदबाई खाली वाटी धरते. पाणी थोडं थोडं पडतं. रुमाल अजून नीट पिळला जात नाही.