उलटा वाघ

चाकणच्या कुशाबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण नोटा ती चित्रांवरून बरोबर ओळखायची. दोनची नोट म्हणजे वाघ, पाचची म्हणजे हरणं आणि दहाची म्हणजे गलबत. बाजारात कांदे विकताना ती याच भाषेत बोलायची आणि गिऱ्हाइकांनाही ते अंगवळणी पडलं होतं.

त्रेपन्न सालच्या उन्हाळ्यात एका व्यापाऱ्यानं दिलेल्या नोटांत तिला उलटा वाघ सापडला. नोटेची पुढची बाजू ठीक होती, मागची मात्र डोकं खाली करून छापलेली. तोवर व्यापाऱ्याची गाडी निघून गेली होती. ही नोट आता कुणी घ्यायचं नाही, चुलीत घाल, असं तिचा नवरा गेनू म्हणाला. कुशाबाईनं नोट पुन्हा न्याहाळली आणि तिला हसू फुटलं. एवढं मोठं सरकार, आणि त्याच्या वाघानं कोलांटी खाल्ली होती. तिनं ती ट्रंकेतल्या लग्नाच्या शालूच्या घडीत ठेवून दिली.

मग बातमी पसरली. ज्या नोटा दुकानदार परत करायचे, त्या बायका कुशाबाईकडे आणू लागल्या. बदल्यात ती चांगली नोट द्यायची. एका नोटेच्या कोपऱ्याला जादा कागदाचा कान होता. एकीची मागची बाजू अगदी कोरी. ती दाखवताना कुशाबाई सांगायची, गलबत मुंबईला गेलंय, यायचंय अजून. गेनू डोक्याला हात लावायचा.

पण गावात कुणीतरी कुजबुजलं की तिच्या घरात खोट्या नोटा आहेत. पोलीसपाटील उद्धवराव दारात आले. नात्यातलेच असल्यानं त्यांना फार अवघडल्यासारखं झालं होतं. खेडच्या सरकारी खजिन्यात नोटा दाखवू, म्हणजे कुणाचं तोंड चालायचं नाही, असं त्यांनी समजावलं. संध्याकाळी आपण घरी नसलो तर गाय पिळून घे, असं शेजारच्या ठकुबाईला सांगून कुशाबाई गाडीत बसली. गेनूनं बैल हाकले.

खजिन्यातल्या साहेबांनी नोटा खिडकीपाशी नेऊन उजेडात धरल्या, बोटांनी चाचपल्या आणि ते हसू लागले. नोटा खऱ्याच होत्या, चूक छापण्यातली होती. त्या ठेवून घेऊन चांगल्या देतो, असं ते म्हणाले. गेनूनं लगेच हात पुढं केला.

"ह्यांचं काय करणार?" कुशाबाईनं विचारलं.

"पुण्याला पाठवू. तिथं जाळून टाकतात."

"मग ऱ्हाऊ द्या. माजा वाघ मला द्या."

साहेबांनी गेनूकडे पाहिलं, गेनूनं उद्धवरावांकडे. शेवटी नोटा तिच्या पदरात परत आल्या. परतीच्या वाटेवर गेनू बराच वेळ फुगून बसला होता. मग त्यानं कोरी नोट मागून घेतली, दोन्ही बाजूंनी उलटीपालटी केली आणि बैलांकडे बघत हसला.

पुढच्या वर्षी पिंपरीहून सायकल हाणत एक माणूस तिचं घर विचारत आला. नाव रंगराव. मूळचा नांदेडचा, पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात नोकरीला लागलेला. खजिन्यातल्या साहेबांकडून त्याला तिच्याबद्दल कळलं होतं. विकत घ्यायला आला असेल असं वाटून कुशाबाईनं आधीच सांगून टाकलं, "इकायच्या न्हाईत."

रंगरावानं खिशातून पाकीट काढलं. त्यात निजामाच्या राज्यातली एक नोट होती. तिच्यावरचं सगळं छापकाम एका बाजूला सरकून कडेबाहेर गेलं होतं.

कुशाबाई नोटेकडे बघतच राहिली. अशा नोटा जपणारं जगात आपण एकटंच खुळं आहोत, असं तिला आजवर वाटत होतं.

"तुमी बी?" ती म्हणाली.

"लहानपणापासून, बाई."

तिनं गेनूला चहाचं आधण ठेवायला सांगितलं आणि ट्रंक उघडली. दुपार कलली तरी दोघं ओसरीवर नोटा पसरून बसले होते. जाताना रंगराव कानाची नोट घेऊन गेला आणि निजामाची तिच्याकडे ठेवून गेला. तिच्यावरची उर्दू अक्षरं कुशाबाईला वाचता येत नव्हती. पण ती तर तिला कुठलीच येत नव्हती, त्यामुळे तिचं काही अडलं नाही.